वर्गाध्यापनातील स्लाइड-सादरीकरण : सिंधुदुर्गच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या पंचवीस वर्षांत महाविद्यालयीन वर्गखोलीचे रूप ज्या साधनाने सर्वाधिक बदलले, ते साधन म्हणजे संगणकाला जोडलेला प्रोजेक्टर आणि त्यावरून दाखवली जाणारी स्लाइड्सची मालिका होय. फळ्याच्या शेजारी, आणि पुष्कळ ठिकाणी फळ्याच्या पुढ्यातच, पांढरा पडदा आला. 'पीपीटी' हा शब्द विद्यार्थ्यांच्या बोलण्यात इतका रुळला की व्याख्यान, टिपणे आणि परीक्षेची तयारी या तिन्ही गोष्टींसाठी तो एकच शब्द वापरला जाऊ लागला. या साधनाच्या स्वागतात 'आधुनिक', 'प्रभावी', 'विद्यार्थिकेंद्री' अशी विशेषणे सढळ हाताने वापरली गेली. परंतु स्लाइड वर्गात नेमके काय करते, कोणत्या विषयाला ती साहाय्य करते आणि कोणत्या विषयाचे नुकसान करते, याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली.

प्रस्तुत लेखात ही चिकित्सा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनारपट्टीच्या संदर्भात केली आहे. दिनांक १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या परिक्षेत्रात येतो. येथील विद्यार्थी घरी मालवणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि विज्ञान वा वाणिज्य शाखेत आल्यावर त्याच्यासमोर इंग्रजी मजकुराची स्लाइड येते. त्यामुळे स्लाइडचा प्रश्न येथे केवळ तंत्राचा नसून आकलनाचा, आणि कोणाचे ज्ञान वर्गात ज्ञान म्हणून मान्य होते याचाही आहे.

साधनाची जडणघडण

कोणत्याही साधनाची चिकित्सा करताना ते कोणत्या गरजेतून निर्माण झाले, हे पाहणे उपयुक्त ठरते. 'पॉवरपॉइंट'ची कल्पना रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १९८४ च्या सुमारास अमेरिकेतील 'फोरथॉट' या कंपनीत मांडली. १९८७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मॅकिन्टॉश संगणकासाठी बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. ती पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचा उपयोग मुख्यत्वे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी होत असे. व्यवसायातील बैठकांत एखादा प्रस्ताव थोडक्या वेळात मांडून संमती मिळवणे, हे या साधनाचे मूळ प्रयोजन होते.

योगायोग असा की १९८७ हेच भारतात 'खडू-फळा मोहीम' सुरू झाल्याचे वर्ष होय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा उद्देश होता. म्हणजे ज्या वर्षी एका देशात फळ्याला पर्याय ठरणारे साधन विक्रीस आले, त्याच वर्षी दुसऱ्या देशाला प्रत्येक शाळेत फळा असावा यासाठी योजना आखावी लागली. पुढे प्रोजेक्टर महाविद्यालयांत आला तेव्हा फळ्याने काय साधले होते, याचा हिशेब झाला नाही. फळ्याकडे अभाव म्हणून आणि पडद्याकडे समृद्धी म्हणून पाहण्याची दृष्टी तेथूनच रुजली असावी.

व्यावसायिक बैठक आणि वर्ग यांत मूलभूत फरक आहे. बैठकीतील श्रोत्याला विषय बहुधा ठाऊक असतो व त्याने निर्णय द्यावयाचा असतो. वर्गातील विद्यार्थ्याला विषय ठाऊक नसतो आणि त्याने तो स्वतःच्या मनात उभा करावयाचा असतो. पहिल्यासाठी निष्कर्ष पुरेसा होतो, परंतु दुसऱ्याला निष्कर्षापर्यंतचा मार्ग लागतो. स्लाइड तयार करताना हा फरक विसरला गेला की अध्यापन म्हणजे निष्कर्षांचे प्रदर्शन होऊन बसते.

मुद्द्यांची भाषा आणि तिच्या मर्यादा

स्लाइडवरील मजकुराचे प्रचलित रूप म्हणजे ठिपक्यांनी सुरू होणारे तुटक मुद्दे. येल विद्यापीठातील माजी प्राध्यापक एडवर्ड टफ्टे यांनी २००३ साली या रूपाची कठोर समीक्षा केली. सामान्य स्लाइडवर सुमारे ४० शब्द मावतात, म्हणजे मूक वाचनाच्या हिशेबाने जेमतेम आठ सेकंदांची सामग्री, असे त्यांनी दाखवून दिले. मजकूर अपुरा असल्याने स्लाइड्सची संख्या वाढते, आणि संख्या वाढल्याने एका स्लाइडवरील गोष्टीचा दुसरीवरील गोष्टीशी असलेला संबंध नजरेआड होतो.

या आक्षेपाचे गांभीर्य त्याच वर्षीच्या एका दुर्घटनेने अधोरेखित केले. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' अंतराळयान उड्डाण करीत असताना इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीस परतीच्या प्रवासात यान नष्ट झाले व कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यान अंतराळात असताना अभियंत्यांनी धोक्याचे जे विश्लेषण केले, ते स्लाइड्सच्या रूपाने वरिष्ठांपुढे मांडले गेले होते. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेल्या तुकड्याचे अंदाजित आकारमान १,९२० घनइंच आणि चाचणीत वापरलेल्या तुकड्याचे केवळ ३ घनइंच, म्हणजे ६४० पटींचा फरक, ही निर्णायक बाब मात्र त्याच स्लाइडच्या तळाशी सर्वांत खालच्या पायरीच्या मुद्द्यात दडली होती. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात, तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरण्याच्या प्रथेवर स्पष्ट टीका केली. स्लाइडमुळे यान कोसळले असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु मुद्द्यांची उतरंड महत्त्वाचे आणि गौण यांची अदलाबदल करू शकते, एवढे या उदाहरणावरून निश्चित सिद्ध होते.

वर्गातील धोका इतका भीषण नसला तरी त्याच जातीचा आहे. मालवण किनाऱ्यावरील मासेमारीचा घटक अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जात आहे, अशी कल्पना करावी. स्लाइडवर 'पारंपरिक मासेमारी' व 'यांत्रिक मासेमारी' असे दोन रकाने आणि प्रत्येकाखाली गुण-दोषांचे चार चार मुद्दे असतील. प्रत्येक मुद्दा आपापल्या जागी खरा असेल. तथापि पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्यालगतचे थवे उचलल्याने रापणीच्या पदरी काय उरते, त्यातून संघर्ष का पेटतो आणि २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध का घातले, हा कार्यकारणभाव त्या रकान्यांत कोठेच येत नाही. 'म्हणून', 'परंतु', 'त्यामुळे', 'तरीही' ही अव्यये विचाराचे सांधे होत. ठिपक्यांची भाषा नेमके हेच सांधे काढून टाकते. उत्तरपत्रिकांत आढळणारी तुटक, क्रियापदहीन वाक्ये ही केवळ विद्यार्थ्यांच्या आळसाची फलश्रुती मानता येणार नाही. ज्या भाषेत विषय दाखवला गेला, त्याच भाषेत तो परत आला, असेही म्हणता येईल.

येथे आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रापण ओढण्यासाठी किती माणसे लागतात, वाटे कसे पडतात, हे त्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना घरातूनच ठाऊक असते. पूर्ण भरलेली स्लाइड आली की त्या ज्ञानाला वर्गात शिरण्यास वाट उरत नाही. रिकाम्या फळ्यावर विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट लिहिता येते, पण आदल्या रात्री तयार झालेल्या स्लाइडवर ती येऊ शकत नाही.

डोळा, कान आणि चित्रकथी

स्लाइडविषयीचे दुसरे महत्त्वाचे विवेचन मानसशास्त्रातून आले. अॅलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये शब्द आणि प्रतिमा यांची मनात दोन स्वतंत्र मार्गांनी नोंद होते असे प्रतिपादन केले. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये कार्यकारी स्मृतीवर पडणाऱ्या भाराचा सिद्धान्त मांडला. या दोन्हींच्या आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा येथील रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनाची तत्त्वे सिद्ध केली. त्यांतील एक तत्त्व प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे : चित्र आणि त्याचे तोंडी स्पष्टीकरण यांतून होणारे आकलन, त्याच चित्राला तेच तोंडी स्पष्टीकरण अधिक तोच मजकूर पडद्यावर जोडल्याने सामान्यतः वाढत नाही, उलट घटते. डोळा चित्र सोडून मजकूर वाचू लागतो, कान तेच शब्द निराळ्या गतीने ऐकतो आणि दोहोंचा मेळ घालण्यातच शक्ती खर्च होते. स्लाइडवरील वाक्ये मोठ्याने वाचून दाखवणे ही वर्गातील सर्वपरिचित रीत या कसोटीवर सर्वांत दुबळी ठरते.

हे तत्त्व समजून घेण्यासाठी सिंधुदुर्गच्या अध्यापकाला फार दूर जावयास नको. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा म्हणजे क्रमाने दाखवलेल्या चित्रांच्या साहाय्याने केलेले कथन होय. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ती वाढली. एका कथेच्या सुट्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गातो, सांगतो. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. कल्याण येथे महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास सुरू केलेले 'शांबरिक खरोलिका'चे खेळही याच जातीचे होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून त्यांना निवेदनाची जोड दिली जात असे. प्रकाशाने चित्र पाडून शिकवणे वा रंजवणे महाराष्ट्राला पॉवरपॉइंटने शिकवले, असे म्हणता येत नाही.

चित्रकथीत कथा बोलण्यात असते आणि चित्र त्या बोलण्याला आधार देते. चित्र किती वेळ धरावे हे कथेकरी ठरवतो व समोरच्या श्रोत्यांकडे पाहून ठरवतो. पुढचे चित्र वेळेपूर्वी दिसत नाही. दशावतारातही छापील संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावर उभे करतात. विषयाचा आराखडा पक्का आणि उच्चार प्रसंगानुरूप, ही अध्यापनाचीही जुनी रीत आहे.

अर्थात या तुलनेलाही मर्यादा आहेत. चित्रकथीच्या श्रोत्याला रामकथा आधीच ठाऊक असते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभिक्रियेची कथा ठाऊक नसते. कथेकऱ्याचा हेतू रसनिष्पत्ती व श्रद्धा हा असतो, तर अध्यापकाने शंका आणि प्रश्न जागे करावयाचे असतात. तेव्हा अध्यापकाने कथेकरी व्हावे असे येथे सुचवावयाचे नाही. चित्र आणि वाणी यांची कामे वाटून देण्याची शिस्त मात्र त्याच्याकडून घेण्यासारखी आहे.

भाषेचा प्रश्न

मेयर यांच्या तत्त्वाला स्वतः संशोधकांनीच एक अपवाद नोंदवला आहे, आणि तो सिंधुदुर्गच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या विद्यार्थ्याची व्याख्यानाची भाषा मातृभाषा नाही, त्याला पडद्यावरील छापील शब्द अडथळा न ठरता आधार ठरू शकतात. इंग्रजी पारिभाषिक संज्ञा प्रथमच कानावर पडते तेव्हा तिचे स्पेलिंग समोर दिसणे ही विद्यार्थ्याची खरी गरज असते. म्हणून 'स्लाइडवर शब्द नकोतच' हा सरसकट सल्ला येथे लागू करता येणार नाही.

तथापि संज्ञा दाखवणे आणि पाठ्यपुस्तकातील परिच्छेद चिकटवणे यांत अंतर आहे. स्लाइडवर संज्ञा इंग्रजीत, तिच्याजवळ मराठी पर्याय, आणि तोंडी स्पष्टीकरण विद्यार्थ्याला कळेल अशा मराठीत, अशी विभागणी केल्यास तिन्ही भाषा एकमेकींना पूरक ठरतात. 'सडा', 'जांभा', 'रापण', 'खाजण' हे शब्द विद्यार्थ्याचे स्वतःचे आहेत. भूगोल वा जीवशास्त्राची संज्ञा त्यांच्या शेजारी आली तर ती परकी राहत नाही. अन्य प्रांतात वा परदेशात तयार झालेली आयती सादरीकरणे उतरवून घेतल्यास मात्र हे शब्द वर्गात येतच नाहीत.

विषयपरत्वे उपयुक्तता

स्लाइडचे मूल्य विषयाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे किनारपट्टीवरील काही उदाहरणांनी स्पष्ट होईल. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यातील प्रवाळांच्या वसाहती पाण्याखाली असल्याने प्राणिशास्त्राच्या पूर्ण वर्गाला त्या प्रत्यक्ष दाखवणे अवघड आहे. येथे छायाचित्राला पर्याय नाही. देवबाग येथे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या दांड्याचे रूप निरनिराळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा एकापुढे एक ठेवल्याने जसे कळते, तसे शब्दांनी कळणार नाही. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झालेल्या कोकणातील शिल्पसमूहांपैकी आहेत. सड्यावर उभे राहून पाहणाऱ्यास मोठ्या आकृतीचा एकच भाग दिसतो, वरून घेतलेले छायाचित्र तिची संपूर्ण रेषा दाखवते. मात्र आकृतीची भव्यता पडद्यावर हरवते. ती पावलांनी मोजण्यासाठी सड्यावरच जावे लागते.

याउलट काही विषय हाताने उलगडावे लागतात. गणितातील सिद्धता एकेक पायरीने फळ्यावर उतरते तेव्हा अध्यापकाच्या हाताची गती आणि विद्यार्थ्याच्या वहीची गती जवळपास सारखी असते. मध्येच एखादी पायरी चुकली तर ती पुसली जाते, आणि पुसण्याची ती क्रियाही शिकवून जाते. इतिहासाच्या वर्गात सिंधुदुर्ग किल्ल्याचे छायाचित्र आवश्यक आहे. परंतु २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामास कुरटे बेटावर आरंभ झाला, त्या किल्ल्याचे प्रवेशद्वार बुरुजांच्या वळणात असे का लपवले, हे तटाची वळणे फळ्यावर क्रमाने काढीत गेल्यास अधिक कळते. २०२५ मध्ये हा किल्ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' या जागतिक वारसा नामांकनातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीत आला. त्याची आकर्षक छायाचित्रे आता विपुल आहेत. त्यामुळेच चित्र दिसणे म्हणजे रचना समजणे नव्हे, हा विवेक अधिक आवश्यक झाला आहे. कवितेच्या अध्यापनात तर मूळ संहिता पडद्यावर असावी आणि तिच्या अर्थाचे मुद्दे नसावेत, कारण अर्थ आधीच छापून आला की वाचकाची गरजच संपते.

मूल्यांकन आणि परिस्थिती

स्लाइडच्या प्रसाराला केवळ अध्यापकाची आवड कारणीभूत नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांत माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराला स्थान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी नवोपक्रमशील अध्यापनपद्धतींना गुणांकनात स्थान दिले. केंद्र शासनाचे माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान २००९ मध्ये सुरू झाले. या धोरणांचा हेतू स्वागतार्हच होता. परंतु मोजणाऱ्याला प्रोजेक्टर मोजणे सोपे आणि आकलन मोजणे कठीण असते. त्यामुळे 'वापर झाला का' हा प्रश्न 'वापराने काय साधले' या प्रश्नाची जागा घेतो. फळ्यावर उत्तम शिकवणारा अध्यापक अशा नोंदवहीत दिसत नाही, आणि पाठ्यपुस्तक पडद्यावर उतरवणारा अध्यापक तंत्रस्नेही ठरतो.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा अनेक विद्यार्थ्यांसाठी स्लाइड हाच संपूर्ण वर्ग झाला. कोकणातील डोंगराळ वाड्यांत संपर्कजाळे मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना उंच जागा शोधाव्या लागल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळाने किनाऱ्यावरील वीजपुरवठा विस्कळीत केला. पावसाळ्यात वीज जाणे हा तर येथील नित्याचा अनुभव आहे. वीज गेल्यावर जो तास थांबतो, त्या तासाचा आधार विषयाची तयारी होता की यंत्र, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून स्लाइड-सादरीकरण त्याज्य आहे असा निष्कर्ष निघत नाही. प्रवाळ, उपग्रह प्रतिमा, कातळशिल्पे, नकाशे, ध्वनिमुद्रणे यांसाठी ते अनमोल आहे, आणि ग्रामीण महाविद्यालयाला त्याने दूरचे जग जवळ आणून दिले आहे. आक्षेप आहे तो स्लाइडने व्याख्यानाची, फळ्याची आणि टिपणांची जागा एकाच वेळी घेण्यावर.

या दृष्टीने काही व्यावहारिक सूचना करता येतील. एका स्लाइडवर एकच प्रतिमा वा आकृती असावी आणि मजकूर संज्ञांपुरता मर्यादित ठेवावा. ज्या वाक्यांत कार्यकारणभाव आहे ती वाक्ये बोलावीत, आणि विद्यार्थ्यांना द्यावयाची टिपणे स्लाइड्सपासून वेगळी, पूर्ण वाक्यांत लिहिलेली असावीत. पडदा फळ्याला झाकणार नाही अशा रीतीने लावावा, म्हणजे दोन्ही साधने एकाच तासात वापरता येतील. प्रत्येक तासात निदान एक जागा रिकामी ठेवावी, जेथे विद्यार्थ्याने सांगितलेली माहिती लिहिली जाईल. विभागांनी तयार सादरीकरणे उतरवून घेण्याऐवजी परिसरातील छायाचित्रे, नकाशे आणि स्थानिक शब्द यांचा सामायिक संग्रह करावा. महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षांनी प्रोजेक्टरच्या वापराच्या नोंदीबरोबरच, त्या तासानंतर विद्यार्थ्याला तोच विषय स्वतःच्या पाच-सहा पूर्ण वाक्यांत मांडता आला का, याचीही नोंद घ्यावी. हे करण्यास नवे यंत्र वा नवा निधी लागत नाही, तासाच्या शेवटची दहा मिनिटे आणि वहीचे एक पान पुरते.